‘के येवा?’ : यात काय काय घातलंय?

मागचे काही भाग किल्ले आणि तहांमध्ये गेले, आज जरा स्वयंपाकघरात जाऊ. आपल्या नाही, स्पेनच्या. तुमच्यातल्या बऱ्याच जणांच्या फोनमध्ये भाषा शिकवणारं एखादं ॲप असणार, माझ्याही आहे. त्यावर स्पॅनिश सुरू केलं की पहिल्या काही धड्यांतच सफरचंद, दूध, पाव, पाणी येऊन जातं. शब्द पाठ होतात. पण ते शब्द स्पॅनिशमध्ये आले कुठून, आणि कोणे एके काळी तेल, वांगी, हरभरे या साध्या जिनसांपायी माणसांवर खटले का चालले, हे ॲप सांगत नाही. ते आज आपण बघू. जाता जाता चार वाक्यंही शिकू.

पहिलं वाक्य: ‘के येवा?’ लिहिताना यात एल हे अक्षर दोनदा येतं, पण उच्चार ‘य’च्या जवळ जातो. समोरच्या ताटलीकडे बोट दाखवायचं आणि विचारायचं, के येवा? म्हणजे यात काय काय आहे? या क्रियापदाचा मूळ अर्थ ‘वाहून नेणं’ असा, आणि अंगात कपडे घालण्यालाही तेच क्रियापद. इंग्रजीतून स्पॅनिश शिकणारा इथे अडखळतो. आपण अडखळायचं कारण नाही, कारण आपण शर्ट घालतो आणि आमटीत गूळही घालतो. ‘यात काय घातलंय?’ हे ‘के येवा?’चं चपखल मराठी आहे.

मग दोन छोटे शब्द. ‘कोन’ म्हणजे सहित, ‘सिन’ म्हणजे विना. कोन साल, मीठ घालून. सिन साल, मिठाशिवाय. या दोन शब्दांवर अर्धं काम भागतं. पण अर्धंच हं. ‘सिन कार्ने’, म्हणजे मांसाशिवाय, एवढं सांगून शाकाहारी माणूस निर्धास्त बसला तर फसतो. स्पेनच्या रोजच्या बोलण्यात ‘कार्ने’ म्हटलं की डोळ्यांसमोर मांसाचा सरळ तुकडा येतो. हामोन, म्हणजे मीठ लावून महिनोन्महिने वाळवलेली डुकराची मांडी, ही बऱ्याच जणांच्या हिशेबी ‘कार्ने’ नसतेच, ती भाजीला चव आणणारी वस्तू असते. मटार मागवावेत तर त्यात हामोनचे तुकडे. साल्मोरेहो नावाचं टोमॅटोचं गार, दाट सूप मागवावं तर वरून उकडलेलं अंडं आणि पुन्हा हामोन. म्हणून वाक्य लांब करावं लागतं: ‘नो कोमो कार्ने, नी पेस्कादो, नी हामोन.’ मी मांस खात नाही, मासे नाही आणि हामोनही नाही.

याच्याही पुढचा सापळा म्हणजे ‘मांतेका’. हा शब्द नीट ऐका. स्पेनमध्ये आणि मेक्सिकोत मांतेका म्हणजे डुकराची चरबी. अर्जेंटिनात मात्र मांतेका म्हणजे साधं लोणी, पावाला लावायचं बटर! स्पेनमध्ये बटरला ‘मांतेकिया’ म्हणतात. तेव्हा माद्रिदमध्ये नाताळात ‘मांतेकादो’ नावाचं खुसखुशीत बिस्कीट पुढे आलं की नावातच उत्तर आहे, त्यात चरबी आहे. मेक्सिकोत तमाल खाताना, किंवा वाटून परतलेला राजमा खाताना, विचारायचं वाक्य एकच: ‘येवा मांतेका?’ यात चरबी घातलीय का?

आणि इथेच मला थांबायचंय. कारण तेल की चरबी, हा प्रश्न पाचशे वर्षांपूर्वी स्पेनमध्ये गिऱ्हाईक विचारत नव्हतं. तो धर्मन्यायालय विचारत होतं.

थोडं मागे जाऊ. इ. स. ७११ मध्ये उत्तर आफ्रिकेतून मुसलमान फौजा स्पेनमध्ये उतरल्या, आणि त्यानंतर जवळजवळ आठशे वर्षं या देशाच्या कुठल्या ना कुठल्या भागात मुसलमानी राज्य होतं. या काळात शेती बदलली, पाटबंधारे बदलले, पिकं बदलली आणि शब्द बदलले. आज स्पॅनिशमध्ये खाद्यतेलाला ‘अथेइते’ म्हणतात, तो अरबी ‘अझ्-झैत’. ऑलिव्हचं फळ ‘अथेइतूना’, अरबी ‘अझ्-झैतूना’. आपल्याकडचा ‘जैतून’ कानाला लागला ना? तोच. (मी स्पेनचे उच्चार देतेय. लॅटिन अमेरिकेत या ‘थ’चा सरळ ‘स’ होतो, असेइते, असेइतूना. दोन्ही बरोबर.) केशर म्हणजे ‘अथाफ्रान’, आपलं जाफरान. तांदूळ म्हणजे ‘अर्रोथ’, तोही अरबीतूनच आलेला. अशा बऱ्याच शब्दांच्या सुरुवातीला जो ‘अ’ किंवा ‘अल’ दिसतो तो अरबी भाषेतला उपपद, इंग्रजीतल्या ‘द’सारखा. ऐकणाऱ्यांनी तो शब्दाचाच भाग समजून तसाच उचलला.

यातले काही शब्द तर आपल्याच दिशेनं निघालेले. साखर म्हणजे ‘अथूकार’: संस्कृत शर्करा, फारसी शकर, अरबी अस्-सुक्कर, मग स्पॅनिश. संत्रं म्हणजे ‘नारांहा’, त्यात आपलं नारंग आहे. आणि माझा सगळ्यात लाडका शब्द, वांगं, ‘बेरेंहेना’. संस्कृतात वांग्याला वातिंगण असं एक नाव आहे. त्याचं फारसीत बादिंगान झालं, अरबीत बादिंजान, स्पॅनिशमध्ये बेरेंहेना आणि पोर्तुगीजमध्ये बेरिंजेला. पोर्तुगीज ते घेऊन पुन्हा आपल्या किनाऱ्यावर आले, आणि त्यातून हिंदुस्थानी इंग्रजीतलं ‘ब्रिंजल’ निघालं. म्हणजे हॉटेलच्या मेनूकार्डावर ‘ब्रिंजल मसाला’ दिसतो तो शब्द इथूनच निघून, अख्खा भूमध्य समुद्र हिंडून, घरी परत आलेला आहे.

आता १४९२. या एका वर्षात काय काय झालं बघा. जानेवारीत ग्रानादा पडलं, म्हणजे स्पेनमधलं शेवटचं मुसलमानी राज्य संपलं. ३१ मार्चला राणी इसाबेल आणि राजा फेर्नांदो यांनी हुकूम काढला, ज्यूंनी बाप्तिस्मा घ्यावा नाहीतर देश सोडावा. आणि ऑगस्टमध्ये कोलंबस निघाला. तिन्ही घटना आपण शाळेत वेगवेगळ्या धड्यांत शिकतो. स्वयंपाकघरात त्या एकत्र येतात.

ज्यूंपैकी अनेकांनी त्याआधीच, गेल्या शंभर वर्षांत, मारहाणीच्या भीतीनं म्हणा किंवा मनापासून म्हणा, ख्रिस्ती धर्म घेतला होता. पण हे लोक खरंच ख्रिस्ती झालेत की नुसतं दाखवतायत, असा संशय कायम होता. १४७८ मध्ये पोपनं परवानगी दिली आणि स्पॅनिश इन्क्विझिशन म्हणजे धर्मन्यायालय उभं राहिलं. आता मनातली श्रद्धा तपासायची कशी? मन दिसत नाही. भांडं दिसतं, आणि नाही दिसलं तर वास येतो.

सेव्हिलजवळच्या लोस पालासिओस गावात आंद्रेस बेर्नाल्देस नावाचा पाद्री होता. त्यानं त्या काळाचा इतिहास लिहून ठेवलाय आणि त्यात या नवख्रिस्ती लोकांच्या खाण्यावर चांगलंच तोंडसुख घेतलंय. त्याची तक्रार काय? हे लोक मांस डुकराच्या चरबीत न शिजवता तेलात शिजवतात, कांदा-लसूण तेलात परततात, आणि त्यांच्या घरांना, तोंडांना त्याचा वास येतो. मंडळी, आज जगभर ‘स्पॅनिश स्वयंपाक’ म्हणून जे काही मिरवलं जातं, ते ऑलिव्ह तेल, कांदा आणि लसूण हेच आहे. लसूण म्हणजे स्पॅनिशमध्ये ‘आहो’, हे आपल्याकडच्या बायकांनी विशेष लक्षात ठेवावं. तर तेलातली आहो आणि थेबोया, म्हणजे लसूण आणि कांदा, हा एके काळी संशयाचा वास होता.

मग खटल्यांमधून पदार्थ पुढे यायला लागले. सगळ्यात जास्त वेळा येणारा म्हणजे ‘अदाफिना’. ज्यूंचा शब्बाथ शुक्रवारी सूर्यास्तापासून सुरू होतो आणि त्या वेळात चूल पेटवायची नसते. म्हणून शुक्रवारीच हरभरे, मांस, कांदा असं सगळं एका भांड्यात घालून निखाऱ्यांवर झाकून ठेवायचं आणि शनिवारी ते गरम गरम खायचं. अदाफिना शब्द अरबीतला, अर्थ पुरलेलं, झाकलेलं. शनिवारी घराच्या धुराड्यातून धूर नाही, आणि तरी जेवण गरम? शेजारणीच्या लक्षात येणारच. अशा खटल्यांत साक्ष द्यायला पुष्कळदा घरातली मोलकरीण असायची, आणि स्वयंपाक बायकांकडे असल्यामुळे आरोपही बायकांवर यायचे. डुकराचं मांस टाळलं, मांसातली चरबी काढून टाकली, शुक्रवारी भांडं झाकलं. ‘के येवा?’ हा प्रश्न किती जड होता याचा अंदाज यावा.

वांग्याचंही तेच. वांगी खाणारे म्हणजे मुसलमान किंवा ज्यू, असा समज इतका पक्का होता की सेर्व्हान्तेसनं ‘दोन किहोते’च्या १६१५ सालच्या दुसऱ्या भागात त्यावर विनोद केलाय. गोष्टीतला मुसलमान इतिहासकार सिदे हामेते बेनेन्हेली. भोळा सांचो त्याचं नाव ‘बेरेंहेना’ करून टाकतो, वर कारण देतो की या लोकांना वांगी आवडतात. आपल्याला हसू येतं. पण त्याच्या जेमतेम एक वर्ष आधी, १६०९ ते १६१४ मध्ये, मुसलमान वंशाच्या सुमारे तीन लाख माणसांना स्पेनमधून हाकलून दिलेलं होतं. माणसं गेली, अथेइते, अर्रोथ, बेरेंहेना राहिले.

आता कोलंबसच्या जहाजावर. तो निघाला होता मिऱ्यांच्या, दालचिनीच्या शोधात, आपल्याकडे यायला. बोलायचं कसं म्हणून दुभाषा घेतला, लुईस दे तोर्रेस. हा जन्मानं ज्यू, निघण्याच्या थोडं आधी ख्रिस्ती झालेला, हिब्रू, खाल्डी आणि थोडी अरबी जाणणारा. ज्यूंना देशाबाहेर काढण्याच्याच वर्षी राणीच्या मोहिमेला एका ज्यूची भाषा लागली, हे विसरू नका. नोव्हेंबर १४९२ मध्ये क्युबात उतरल्यावर कोलंबसनं त्याला आणखी एका सोबत्याबरोबर आत पाठवलं, हातात मसाल्याचे नमुने देऊन. हे दाखवा आणि विचारा, इथे मिळतं का. मिरी तिथे नव्हतीच. अरबी समजणारंही कोणी नव्हतं. पण जे मिळालं ते तिखट होतं, तिथले लोक त्याला ‘आही’ म्हणत होते, आणि कोलंबसनं आपल्या रोजनिशीत त्याची तुलना मिऱ्यांशीच केली.

म्हणून आज स्पॅनिशमध्ये ‘पिमिएंता’ म्हणजे मिरी आणि ‘पिमिएंतो’ म्हणजे मिरचीच्या जातीचं फळ. शेवटचा स्वर बदलला की पदार्थ बदलला. ॲपवर लोक हमखास इथे गडबडतात. पण मराठी माणसानं स्वतःचीच भाषा आठवावी: मिरी आणि मिरची! नवं तिखट आलं, तर आपणही जुन्या तिखटाचंच नाव जरा ओढून त्याला दिलं. दोन टोकांच्या दोन भाषांनी एकमेकींना न विचारता एकच युक्ती केली.

अशी दुसरी जोडी शेंगदाण्याची. हे नीट ऐका, कारण शेंगदाण्याची ॲलर्जी जिवावर बेतू शकते आणि शब्द देशागणिक बदलतो. स्पेनमध्ये ‘काकाउएते’, मेक्सिकोत ‘काकाउआते’, दक्षिण अमेरिकेत बहुतेक ठिकाणी ‘मानी’. वाक्य असं: ‘सोय आलेर्हिको आ लोस काकाउएतेस.’ मुलगी असेल तर ‘आलेर्हिका’. लिमा किंवा ब्युनोस आयर्सला ‘आल मानी’ म्हणायचं. युरोपियन युनियनच्या नियमानं ॲलर्जी आणणारे १४ प्रकारचे घटक पाकिटावर उठून दिसतील असे छापावे लागतात, त्यात शेंगदाणे आहेत. आता काकाउआते कुठून आला? मेक्सिकोच्या नाउआत्ल भाषेत शेंगदाण्याला ‘त्लालकाकाउआत्ल’ म्हणत. त्लाल म्हणजे जमीन, भुई, आणि काकाउआत्ल म्हणजे कोको. भुईकोको. आपण काय म्हणतो? भुईमूग.

तोमाते, चोकोलाते, आग्वाकाते म्हणजे ॲव्होकाडो, चिले म्हणजे मिरची, हे सगळे त्याच नाउआत्ल घराण्यातले. मध्य मेक्सिकोत अजूनही लाल टोमॅटोला ‘हितोमाते’ म्हणतात आणि नुसतं ‘तोमाते’ म्हटलं की हिरवं, सालपटात गुंडाळलेलं दुसरंच फळ पुढे येतं. बटाट्याची गंमत वेगळी. अँडीज पर्वतातल्या केचुआ भाषेत तो ‘पापा’. लॅटिन अमेरिकेत आजही पापाच. कॅरिबियन बेटांवरच्या ताइनो भाषेत ‘बताता’ म्हणजे रताळं. स्पेनमध्ये या दोघांचं मिळून झालं ‘पताता’. आपल्याकडे पोर्तुगीजांबरोबर बताता आला आणि त्याचा बटाटा झाला. म्हणजे वडापावातल्या वड्याला आपण एका कॅरिबियन रताळ्याचं नाव दिलंय, आणि पाव तर सरळ पोर्तुगीज.

आपली उपासाची खिचडी घ्या. साबुदाणा कसाव्याच्या कंदाचा, स्पॅनिशमध्ये ‘युका’. दाणे, बटाटा, हिरवी मिरची. चारही अमेरिकेतून आलेले. तूप, जिरं आणि मीठ तेवढं जुन्या जगाचं. तरी आपल्या लेखी हे सगळं सोवळं, आणि इथलाच कांदा-लसूण मात्र उपासाला चालत नाही. यात कोणाची चेष्टा नाही, मीही ती खिचडी आवडीनं खाते.

पोर्तुगीजांचं नाव आलंच आहे तर गोष्ट आपल्या किनाऱ्यापर्यंत नेऊ. १४९२ च्या हुकुमानंतर स्पेनमधले कितीतरी ज्यू शेजारच्या पोर्तुगालात गेले. तिथेही पाच वर्षांत सक्तीनं बाप्तिस्मा झाला. अशाच एका स्पॅनिश ज्यू कुटुंबात, सीमेजवळच्या कास्तेलो दे व्हिदे गावी, गार्सिया दे ओर्ता जन्मला. तो स्पेनमध्येच, सालामांका आणि अल्काला इथे शिकून डॉक्टर झाला आणि १५३४ मध्ये गोव्याला आला. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाकडे त्याची जाणं-येणं होती, आणि मुंबई बेट पोर्तुगीज सरकारनं त्याला खंडानं दिलं होतं. त्याच्या मुंबईच्या आंब्यांचा उल्लेख त्याच्याच पुस्तकात आहे.

ते पुस्तक १५६३ मध्ये गोव्यात छापलं गेलं, पोर्तुगीज भाषेत, हिंदुस्थानातल्या औषधी आणि मसाल्यांवर. त्याची रचना मला फार आवडते. सगळं पुस्तक म्हणजे दोघांचं बोलणं. एक स्वतः ओर्ता. दुसरा रुआनो, काल्पनिक पात्र, ओर्ताबरोबर स्पेनमध्ये शिकलेला, गोव्यात नुकताच उतरलेला डॉक्टर. रुआनो विचारत राहतो, हे काय, याला अरबीत काय म्हणतात, इथले लोक काय म्हणतात, कशात घालतात. आणि ओर्ता सांगत राहतो. हिंगाचं प्रकरण तर वाचण्यासारखं आहे. त्याला हिंगाचा वास अजिबात सोसत नाही, पण इथले हिंदू भाजीत घालतात ती भाजी बरी लागते, हे तो मान्य करतो. आपल्या आजच्या भागाचा आद्य पॉडकास्टच म्हणा ना. पुढे क्रिस्तोबाल अकोस्तानं, जो गोव्यात ओर्ताला भेटला होता, त्याच माहितीत भर घालून आणि चित्रं काढून स्पॅनिशमध्ये पुस्तक केलं, ते १५७८ मध्ये स्पेनमधल्या बुर्गोस शहरात निघालं. आपल्या मसाल्याच्या डब्यावर स्पॅनिशमध्ये लिहिलेलं ते फार जुनं पुस्तक.

पण १५६० मध्ये इन्क्विझिशन गोव्यातही आलं होतं. ओर्ता १५६८ मध्ये वारला. दुसऱ्याच वर्षी त्याची बहीण कातारिना हिला गुप्तपणे ज्यू धर्म पाळते म्हणून गोव्यात जाळलं. १५८० मध्ये ओर्ताची हाडं उकरून काढली आणि तीही जाळली. आईवडील ज्यापासून पळाले ते मुलांना सातासमुद्रापार येऊन गाठलं.

नंतर गोव्यात या न्यायालयाची नजर नवख्रिस्ती झालेल्या हिंदूंच्या घरांकडे जास्त वळली. अनंत काकबा प्रियोळकर यांनी गोव्याच्या इन्क्विझिशनवर १९६१ मध्ये इंग्रजीत जे पुस्तक लिहिलं, त्यात १७३६ चा एक जाहीरनामा दिलेला आहे. लग्नातल्या रीती, धोतर, चोळी, अंगणातली तुळस, अशी मनाईची लांबच लांब यादी. त्या यादीत एक कलम भाताचं आहे. हिंदू करतात तसा मीठ न घालता भात शिजवायचा नाही, मीठ शिजतानाच घालायचं. आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी आजही भात बिनमिठाचाच होतो आणि मीठ पानात डावीकडे वाढलं जातं.

स्पॅनिशमध्ये त्याला काय म्हणायचं ते तुम्हाला आता येतं. अर्रोथ सिन साल.